विहिरीतल्या खिळी

"माझ्या गाडीची खीळ कुठाय?" चुन्ह्वाने विचारलं. शिपायाने विहिरीकडे बोट दाखवलं.

चीनमधल्या त्या चिमुकल्या राज्याचा राजा थाओ कविता करायचा. साहजिकच पाहुणे थांबत नसत. म्हणून मेजवानी सुरू झाली, की शिपाई पाहुण्यांच्या गाड्यांच्या आसांतून खिळी उपसून विहिरीत टाकत. खीळ नसली की चाक निखळतं, आणि पाहुणा काव्यप्रेमी होतो. आज त्यांनी उत्साहाच्या भरात, मुदपाकखान्यात मुळ्यांच्या टोपल्या पोचवायला आलेल्या चुन्ह्वालाही पाहुण्यांत धरलं होतं. इकडे घरी तिच्या पहिलटकरीण लेकीला कळा सुरू होत्या!

ती तडक दरबारात घुसली. तिथे कवितेहून वाईट काहीतरी चाललं होतं. व्युत्पत्ती!

"गाडीच्या खिळीचं जे अक्षर, तेच राज्य चालवण्याचं," राजा गरजत होता. "ठीक! पण त्यात डावीकडे 'गाडी'चं चिन्ह आणि उजवीकडे 'हानी'चं! माझ्या कारभारात हानी कशाला? माझा अपमान न करता सांगा. तोवर एकही खीळ वर येणार नाही!"

पंडित फंग उठले. "महाराज, हानी तिथे फक्त अक्षराचा उच्चार दाखवण्यापुरती आहे."

"म्हणजे काम काही नाही, नुसती जागा अडवून बसली आहे? तुमच्यासारखी? बसा!"

पंडित बसले. सुभेदार, न्यायाधीश, कोतवाल आपापल्या ताटात बघू लागले.

"महाराज, मी सांगते," चुन्ह्वा म्हणाली. "आधी तुमच्या रथाची खीळ काढा, मग रथात बसा आणि घोडे पिटाळा."

"वेडी आहेस का? मान मोडेल माझी!"

"बघा! हानी गाडीला चिकटूनच उभी असते. अक्षर करणाऱ्याने ती तिथेच दाखवली. खीळ आहे तोवर तिचं काही चालत नाही. राज्य चालवणं म्हणजे तेवढंच."

राजाच्या कपाळावर आठी चढली. "म्हणजे मी बोटाएवढी खीळ?"

"छे, महाराज! तुम्ही गाडीवान. खिळी या इथे जेवायला बसल्यात! न्यायाधीश इथे, तिकडे तंटे तुंबलेत. कोतवाल इथे, तिकडे चोरांची दिवाळी. महाराज, तुम्ही राज्य विहिरीत टाकून कविता वाचताय!"

राजा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मग असा हसत सुटला की त्याचा मुकुट सूपमध्ये पडला.

"विहीर उपसा रे! आणि बाई, तुला काय हवं ते माग!"

"विहीर उपसेपर्यंत माझी लेक थोडीच थांबणार आहे? तुमच्या रथाची खीळ द्या."

"मग मी बाहेर कसा पडू?"

"बाहेर कशाला, महाराज? कविता राहिल्यात ना!"

राजा डोळे पुसत स्वतः बाहेर गेला. रथाची पितळी खीळ काढून त्याने तिच्या गाडीला बसवली. सैल होती, म्हणून आपल्या कवितेचा रेशमी कागद गुंडाळून घट्ट केली. वर बाळासाठी रेशमाचं ठाण दिलं.

"पहिल्यांदाच उपयोगी पडली तुमची कविता!" असं म्हणून चुन्ह्वाने बैल हाकले. फाटक ओलांडल्यावर गाडीतल्या मुळ्यांच्या रिकाम्या टोपल्यांमागून पंडित फंग हळूच म्हणाले, "बाई, जरा जोरात हाका!"