मालिकेतले आजोबा

"म्हणजे मीसुद्धा मेलोच की, बुवा?"

मनोहर गुळवणी टेकडी चढून आले ते हे विचारतच. नमस्काराचंही भान नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीतला हा गृहस्थ एवढा हादरलेला टेकडीवरच्या मठीत राहणाऱ्या दादूबुवांनी कधी पाहिला नव्हता.

"कोण गेलं?" बुवांनी विचारलं.

"मालिकेतले आजोबा. परवा मारलं त्यांना. जिन्यावरून पाडलं आणि जाहिराती सुरू केल्या..."

बुवांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"बायको गेल्यापासून संध्याकाळचा चहा मी त्यांच्यासमोर बसून घेतो. अख्ख्या टीव्हीवर माझ्या वयाचा तेवढा एकच माणूस उरला होता. काल लावतो तर भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि खाली सगळी पोरं नाचताहेत."

"बसा. घाम पुसा आधी."

बुवांनी आपला धुतलेला पांढरा पंचा पुढे केला. गुळवणींनी कपाळ पुसलं, कानशिलं पुसली, मान पुसली. तोंडाचा पट्टा चालूच होता.

"गाणारी पोरं, भांडणारी पोरं, बातम्या सांगणारीही पोरंच. म्हातारा माणूस डोळ्यांसमोर नकोच यांना. इतकी कसली लाज वाटते हो आमची?"

बुवांनी पंचा परत घेतला आणि दोघांच्या मधे जमिनीवर पसरला.

पंच्यावर काळे पट्टे उमटले होते.

गुळवणी बघतच राहिले. हात आपोआप कानशिलाकडे गेला. बोटंही काळी झाली.

"कलप आहे..." त्यांनी बोटं मुठीत लपवली. "सकाळीच लावला. लोक म्हणतात, तुमचं वय दिसत नाही."

"नाही दिसत," बुवा म्हणाले.

...

गुळवणींना धक्का आजोबांचा होता की पंच्याचा, ते त्यांनाच कळेना. डोळे मात्र भरून आले.

"एकदा तरी माझ्यासारखा माणूस समोर दिसावा, बुवा. एवढंच मागतोय मी."

बुवा उठले. पंच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, पिळला, आणि गुळवणींच्या हातात दिला.

"पूर्ण पुसा. आजोबांना निदान तुम्ही तरी घरात घ्या."