निवायला ठेवलेली बिस्किटं

“...पण यात कमी काय आहे, ते तरी सांगा, भंते.”

उत्पलानं डबा पुढे सरकवला. झाकण निघालं तसा विहाराच्या ओसरीवर लोण्याचा आणि भाजलेल्या चहापत्तीचा वास पसरला. बिस्किटं एकसारखी गोल, कडा तांबूस. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे तिला स्वतःलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

म्हातारे भंते वाकले. त्यांनी वास घेतला.

“चहा आहे.”

“आहे ना. बारीक कुटून लोण्यात मुरवलाय. खाऊन तर बघा!”

भंतेंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. दुपारी बारानंतर ते अन्नाला हात लावत नाहीत, हे वर्ध्याकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“उद्या आण,” ते म्हणाले. “बाराच्या आत.”

उत्पला काही कालची पोर नव्हती. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात तिनं बारा वर्षं केक-बिस्किटांचा विभाग सांभाळला होता. तिच्या हातचं खायला माणसं लांबून यायची, आणि तिच्या हाताखाली शिकणारे तिला चळचळा कापायचे. एवढी बाई वर्षभर एकाच बिस्किटापाशी अडून बसली होती.

ते बिस्कीट तिनं पहिल्यांदा केलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कुकरमध्ये वाळू तापवून केलं होतं. ओव्याऐवजी चहापत्तीच्या डब्यात हात गेला आणि चिमूट पिठात पडली. बिस्किटं झाली वेडीवाकडी, खालून करपलेली. तिचे बाबा एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते कामावरून आले आणि तसेच काळ्या हातांनी खायला बसले.

“वा वं बाई! चहा अन् बिस्कुट एकाच घासात! आता कप धुवाचं कामच नाही.”

उरलेली दोन त्यांनी रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात नेऊन भंतेंना वाढली.

आता बाबा नव्हते. उत्पलाखेरीज ती चव चाखलेलं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते माणूस बारानंतर खात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पाऊण वाजला होता.

“कालची शिळी नको म्हणून ताजी केली. पहिला ट्रे जरा पसरला, भंते. म्हणून परत केला.”

“पहिल्याचं काय केलंस?”

“टाकला.”

भंतेंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना ती घरून निघाली. विहाराच्या पायऱ्या धापा टाकत चढली, तरी उशीर झालाच.

“झाली लवकरच होती,” ती डबा छातीशी धरून म्हणाली. “पण निवायला नको? ओव्हनमधून काढलं की बिस्कीट मऊ असतं. तसंच भरलं तर डब्याला घाम सुटतो, सगळी मेहनत पाण्यात. तासभर निवू द्यावंच लागतं. मग कुठं ते कुरकुरीत होतं.”

“हे कोणी शिकवलं?”

“पुण्याला. पहिल्याच दिवशी.”

“बरं शिकवलं,” भंते म्हणाले. मग विचारलं, “बाबांना दिलीस कधी, ही अशी?”

उत्पला खाली बसली. डबा बाजूला ठेवला. झाकण लावायचंही तिला सुचलं नाही.

“दवाखान्यात होते ते. सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, बाई, ते चहापत्तीवालं बिस्कुट करून आण ना वं. एखादंच खाईन. मी घरी पळाले. पहिला घाणा कडू झाला. दुसरा पसरला. तिसरा मात्र असा उतरला भंते, की काय सांगू! हॉटेलात मांडावा असा.”

“मग?”

“मग... निवायला ठेवला.”

तिनं उघड्या डब्याकडे पाहिलं.

“पंख्याखाली ठेवला होता मी. लवकर निवावा म्हणून. भावाचा फोन आला, तेव्हा निवतच होता.”

तिला रडू फुटलं. वर्षभर तिनं ते कामाखाली दाबून ठेवलं होतं. आता दाबता येईना.

“तुम्ही ती पहिली खाल्लीत, भंते. तुम्हालाच कळेल. तीच चव आहे, एवढं एकदा म्हणा. मग मी कध्धी विचारणार नाही.”

भंतेंनी डब्याचं झाकण उचललं, लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

“उद्या. बाराच्या आत.”

उत्पलाला संताप आला. माणूस आहे की दगड, असं मनात म्हणत ती पायऱ्या उतरली.

चौथ्या दिवशी भंते भिक्षेला निघाले, ते नेहमीच्या गल्लीतून उत्पलाच्या गल्लीत वळले. पावणेबाराला ते तिच्या दारात येऊन उभे राहिले. भिक्षापात्रात दोन पोळ्या होत्या, वर थोडी भाजी.

उत्पला पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“वंदामि, भंते. या, बसा ना. दहाच मिनिटं! आत्ताच आत घातलीत. दहा मिनिटं, आणि मग जरा निवली की...”

भंते बसले नाहीत. पात्र पुढे धरून उभे राहिले. भिक्षू मागत नाही. दारात थोडा थांबतो, आणि मग पुढच्या दाराला जातो.

“कच्ची आहेत हो अजून.”

भंते उभेच.

“अशी कशी वाढू तुम्हाला? तुम्हाला?”

भंतेंनी पात्रावर चिवराचं टोक ओढलं आणि ते वळले. एक पायरी उतरले.

उत्पलाला त्यांची पाठ दिसली. बाबा गेले तेव्हा तिला पाठसुद्धा दिसली नव्हती.

“थांबा!”

ती आत धावली. हातमोजे शोधत बसली नाही. ओढणीनंच ट्रे ओढला. बोटं चांगलीच पोळली. बिस्किटं उचलता येईनात, नुसता लगदा. तिनं उलथन्यानं खरवडून घेतली आणि तशीच, वाफाळती, भंतेंच्या पात्रात पोळीवर लोटली. निम्मी मोडली. एक पायरीवर पडलं.

भंते तिथंच पायरीवर बसले. हातानं दिल्याशिवाय भिक्षू काही घेत नाही, म्हणून आधी पायरीवर पडलेलं तिला उचलून द्यायला लावलं, मग खायला लागले. सावकाश, तुकडा न टाकता. शेवटी बोटं चाटली.

नगरपालिकेचा बाराचा भोंगा वाजला, तेव्हा पात्र रिकामं होतं.

उत्पला उंबऱ्यात बसली होती. पोळलेली बोटं ओढणीत गुंडाळलेली, डोळ्यांतून धार लागलेली.

“तीच चव होती का, भंते?”

भंते पात्र पुसत होते.

“नसणारच. कच्ची होती, मला कळत नाही का? पिठूळ लागली असतील. धड गोलसुद्धा नव्हती...” ती उंबऱ्यातून पुढे सरकली. “सांगा ना. कशी होती?”

भंते उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“गरम होती.”