काट्याची किरकिर

घाटातले रस्ते कच्चे होते, तेव्हाची गोष्ट. एका मोटारीच्या इंजिनाला पाणी लागत नसे, ते वाऱ्यावरच थंड होई. त्याचा त्याला भारी तोरा. गरमी दाखवणारा काटा मात्र त्याला सांगून सांगून मेटाकुटीला आला होता.

"इंजिनदादा, पंख्याच्या जाळीत पाला अडकलाय. जरा थांबा," चढणीवर तो म्हणाला.

"रोजचीच तुझी किरकिर!"

काटा लाल रेघेला टेकला. "अहो, हात जोडतो, आता तरी थांबा!"

"पाणी पिणारे थांबतात. मी नाही!"

पुढच्याच वळणावर खाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि मोटार जागीच ठप्प झाली.

बऱ्याच वेळाने इंजिन कण्हत म्हणालं, "अरे, आधी सांगायचं नाही का?"

काटा निमूटपणे शून्यावर जाऊन बसला.