दुसरी काठी

खाडीच्या काठी भाताचं एक गाव होतं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला हिरवी शेतं आणि मधे मातीचा एक बांध. तो बांध होता म्हणून गाव होतं.

त्या गावात विसाजी नावाचा माणूस राहायचा. तो राजाच्या सभेत बसायचा. राजाचा नियम असा होता, की खाडीच्या दोन्ही काठांनी मिळून एकच माणूस सभेत पाठवायचा. अलीकडच्या काठाने आपल्यातला एक ठरवायचा, पलीकडच्याने त्यांचा ठरवायचा, मग दोघांत सामना व्हायचा; ज्याच्यामागे घरं जास्त, तो जायचा. अलीकडे घरं जास्त. त्यामुळे अलीकडे जो ठरला, तो बहुतेक सभेत पोचलाच.

विसाजीचे सुरुवातीचे दिवस ज्यांनी पाहिले, ते नशीबवान. सभा संपली की तो होडीने परत यायचा. घरी जायचा नाही. ओल्या पायांनी थेट बांधावर येऊन बसायचा. गाव हातातलं काम टाकून जमायचं. मग विसाजी सभेत काय झालं ते सांगायचा. नुसतं सांगायचा नाही, करून दाखवायचा. प्रधान कसा खाकरतो, खजिनदार कसा डोळे मिटून ‘नाही’ म्हणतो, राजा जांभई कशी मिशीत लपवतो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हातारे म्हणायचे, “आम्हाला सभा बघायला जायला नको. विसूच्या तोंडात सभा आहे.”

त्याचा धाकटा भाऊ भिवा तेव्हा त्याच्या मांडीवर बसलेला असायचा. दोघांमध्ये वयाचं अंतर मोठं होतं. आईबाप लवकर गेले, म्हणून विसाजीनेच त्याला वाढवलं. भिवाला पाटीवरची अक्षरं काही जमली नाहीत, पण दादाने बांधावर सांगितलेला शब्द न् शब्द त्याला पाठ असायचा.

ते दिवस गेले. विसाजीने कुणाचं खाल्लं नाही, कुणाला लुबाडलं नाही. फक्त बांधावर बसायचं राहून गेलं. राजाने मान म्हणून पालखी दिली. पालखी बांधावरून जात नाही, ती वरच्या वाटेने जाते.

बांधाला पाणी आतबाहेर सोडायची लाकडी दारं होती. त्यांना उघाडी म्हणत. ती दारं कुजत आली होती. भिवा बांधावर राबायचा. भोकं पेंढ्याने आणि चिखलाने बुजवायचा. तो दर वेळी सांगायचा, “दादा, उघाडी बदलायला हवी. राजाकडून सागवान माग.”

“पुढच्या सभेत मांडतो,” विसाजी म्हणायचा. त्याला ते खरंच मांडायचं असायचं. पण सभेत गेलं की कुणाचा तरी सत्कार असायचा, कुणाचं तरी भांडण मिटवायचं असायचं, आणि उघाडी मागे पडायची.

आता गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सभेचा माणूस श्रावणातल्या पुनवेला देवळापुढच्या पारावर ठरायचा. ज्याला जायचं असेल त्याने आपली काठी पारावर रोवायची. घरटी एक शिंपला. घरच्या बाईने तो आपल्याला पटलेल्या माणसाच्या काठीपाशी ठेवायचा. ज्याच्या काठीपाशी ढीग मोठा, तो माणूस. पण कित्येक वर्षं पारावर एकच काठी उभी राहायची, विसाजीची. मग ठरवायचं काय उरलं? लोकांनी शिंपल्याबरोबर फूल ठेवायला सुरुवात केली. मग काठीला हळदकुंकू आणि तांदूळ वाहायला लागले. पुढे नवी लग्न झालेली जोडपी काठीला प्रदक्षिणा घालू लागली. लहान पोरं तिला ‘काठीदेव’ म्हणायची. पाराच्या दगडात काठीच्या शेजारी एक खळगी होती. तिच्यात तेल घालून दिवा लावायचे. दुसरी काठी पाहिलेली बहुतेक माणसं एकेक करून गेली होती, उरलेल्यांना ती आठवत नव्हती. कुणाला काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं.

अशाच एका पुनवेला मोठं उधाण आलं. सकाळी उघाडीची एक फळी फुटली आणि खारं पाणी ठकूआजीच्या शेतात शिरलं. ठकूआजी एकटी बाई. नुकतं लावलेलं भात तिच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेलं. भिवाने कंबरभर पाण्यात उभं राहून फळी दाबून धरली. भोक बुजलं, पण शेत गेलं. आज एक गेलं होतं. पुढच्या उधाणाला सगळ्यांची गेली असती.

बांधावर ठकूआजी बसून होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “भिवा, तुझ्या दादाला सांग, काठीदेवाला या वर्षी माझ्याकडून तांदूळ नाहीत.”

भिवाने मागचापुढचा विचार केला नाही. विचार करणं हा त्याचा स्वभावच नव्हता. होडी ढकलायची बांबूची काठी उचलली आणि तसाच चिखलाच्या अंगाने पारावर गेला.

पारावर पूजा चालू होती. विसाजी पाटावर बसला होता. भिवाने आपली काठी विसाजीच्या काठीशेजारी रोवायला घेतली. पार जांभ्या दगडाचा. काठी काही आत शिरेना. एकदा पडली. उचलून पुन्हा रोवली, पुन्हा पडली. लोक हसले. एका पोराने विचारलं, “आई, आता देव दोन झाले का?”

पिलाजी नावाचा एक माणूस नेहमी विसाजीच्या उजव्या हाताला बसायचा. तो उठला. “भिवा, शुद्धीवर आहेस ना? भावासमोर काठी रोवतोस? ज्याने तुला घास भरवला त्याच्यासमोर?”

“त्यानंच भरवला म्हणून तर घरातलं भात कुठून येतं ते मला ठाऊक आहे,” भिवा म्हणाला. “ते बांधाच्या आतून येतं. उघाडी फुटली, पिलाजीकाका. दादाला मी चार पावसाळे सांगतोय. आता सांगत नाही. आता मीच जातो.”

“सभेत जाऊन काय करशील? तुला सही येत नाही!”

“अंगठा येतो.”

लोक पुन्हा हसले, पण या वेळी पिलाजीला हसले. पिलाजी चिडला. “अरे, आपण आपसात फुटलो की पलीकडचा काठ फटाके लावील. आणि ही कुठली रीत? पारावर दोन काठ्या कधी कुणी पाहिल्यात?” तो विसाजीकडे वळला. “दादा, तुम्ही सगळ्यांत जाणते. तुम्हीच सांगा. होती अशी रीत?”

सगळं गाव विसाजीकडे बघू लागलं.

विसाजीने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्याची जागा राहिली असती, पालखी राहिली असती. खोटं पकडणारं कुणी उरलं नव्हतं. पण तो भिवाच्या पायांकडे बघत होता. गुडघ्यापर्यंत खाडीचा काळा चिखल होता. असेच पाय एकदा त्याचेही होते.

मग विसाजी पाटावरून उठला. काठीशेजारच्या खळगीपाशी उकिडवा बसला. त्याने दिवा उचलून बाजूला ठेवला. बोट घालून आतलं जुनं तेल काढलं, काजळी काढली, कुजलेली फुलं काढली. त्याचं पांढरंशुभ्र धोतर काळं झालं.

“दादा, अहो, काय करताय! ती दिव्याची खळगी आहे!” पिलाजी ओरडला.

“दिव्याची नाही रे पिलाजी,” विसाजी म्हणाला. “इथं माझी काठी होती.”

लोक खळगी बघायला पुढे सरकले.

“तेव्हा राघोजी सभेत जायचे. म्हातारे झाले होते. बांध फुटायला आला होता आणि ते म्हणायचे, पुढच्या सभेत बघू.” विसाजी स्वतःशीच हसला. “मी रागानं काठी घेऊन आलो. त्यांची माणसं माझ्या अंगावर आली. राघोजी उठले आणि त्यांनी माझी काठी आपल्या हातानं खळगीत घट्ट बसवली. म्हणाले, ‘पोरा, सैल ठेवू नकोस. वाऱ्यानं पडली तरी लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं पाडली.’”

एवढं बोलून त्याने भिवाची बांबूची काठी घेतली, खळगीत उभी केली आणि दोन्ही हातांनी दाबून बसवली. काठी हलली नाही.

“आता ठेवा शिंपले,” विसाजी म्हणाला. “आणि हळदकुंकू उचला. देव देवळात आहे.”

बायका एकेक करून पुढे आल्या. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा शिंपला हातात धरून त्यांना थांबावं लागलं, विचार करावा लागला. शेवटी विसाजीची बायको यमुना आली. भाऊ दोन, पण घर एक आणि शिंपला एक. सगळ्यांनी माना उंचावल्या.

यमुना म्हणाली, “यांना निवडलं तर भावोजी चिखलात मरतील. भावोजींना निवडलं तर माझा माणूस घरी येईल.” आणि तिने शिंपला भिवाच्या काठीपाशी ठेवला.

सगळ्यांत मोठ्याने विसाजी हसला.

भिवाचा ढीग मोठा झाला. भिवाला आनंद व्हायला हवा होता. पण दादाची काठी पारावरून निघताना त्याने पाहिली आणि तो पोरासारखा रडला. विसाजीने त्याच्या डोक्यावर टपली मारली. “रडतोस काय? पलीकडच्या काठाशी सामना आहे. चल, होडी काढ.”

पलीकडच्या काठाला वाटलं होतं, भाऊ भाऊ फुटले, आता आपलीच सरशी. पण होडीच्या पुढच्या टोकाला विसाजी उभा होता. तो दारोदार गेला आणि प्रत्येक दारात हेच बोलला, “हा माझा भाऊ. माझ्यापेक्षा बरा आहे, कारण मला जाब विचारायला घाबरला नाही.”

भिवा सामना जिंकला आणि सभेत गेला. खजिनदाराने डोळे मिटताच भिवा म्हणाला, “आमच्या दादानं सांगितलंय, तुम्ही डोळे मिटले की ‘नाही’ म्हणता. जरा उघडे ठेवून ऐका.” राजाला जांभई येणार होती, तिचं हसू झालं. सागवान मिळालं. नवी उघाडी बसली.

पहिली सभा संपवून भिवा परत आला तेव्हा घरी गेला नाही. ओल्या पायांनी बांधावर बसला. गाव जमलं. भिवा सांगू लागला. त्याला दादासारखं करून दाखवता येत नव्हतं. समोर, सगळ्यांच्या पुढे, विसाजी मांडी घालून बसला होता आणि मधूनच ओरडत होता, “प्रधान असा नाही खाकरत रे! पोटातून खाकर! आवाज चढव, धाकल्या!”

लोक पोट धरून हसत होते. खाडीवर ऊन उतरत होतं. त्या संध्याकाळी जे बांधावर होते, त्यांना अजून ती आठवते.

पुढे विसाजी गेला. एका पावसाळ्यात ताप आला आणि गेला. बांधावर पुढची जागा रिकामी राहिली. लोक आता त्या जागेवर बसायचे नाहीत. भिवा सभेतलं सांगायचा, मधेच थांबायचा, कुणीतरी ओरडेल म्हणून वाट बघायचा. कुणी ओरडायचं नाही.

मग पुन्हा श्रावणातली पुनव आली. भिवाने काठी रोवली. दुसरा कुणी आला नाही. भिवाने उघाडी आणली होती, त्याच्यासमोर कोण उभं राहणार? शेजारची खळगी रिकामीच होती. पिलाजी आता म्हातारा झाला होता. तो तेलाची वाटी घेऊन पुढे आला. डोळे पुसत म्हणाला, “दादाच्या नावानं इथं दिवा लावतो.”

“दिवा नको!” भिवा ओरडला. तो धावत घरी गेला आणि विसाजीची काठी घेऊन आला. तिच्या मुठीला दादाच्या तळव्याची झिलई होती. भिवाने ती खळगीत घट्ट बसवली.

“दादा माझ्यासमोर उभा आहे,” तो म्हणाला. “आता ठेवा शिंपले.”

लोकांनी ठेवले. बहुतेकांनी भिवाच्या काठीपाशी ठेवले. पण काही घरांनी विसाजीच्या काठीपाशी ठेवले. त्यांत ठकूआजी होती.

“आजी, नवी उघाडी आणून तुझं शेत तर मी वाचवलं,” भिवा म्हणाला.

“वाचवलंस की. पण गेल्या महिन्यात दोनदा तू वरच्या वाटेनं घरी गेलास. मी पाहिलंय.”

भिवा खाली मान घालून हसला. त्या दिवसापासून त्याने वरची वाट सोडली.

त्या गावात अजून दर श्रावणी पुनवेला पारावर दोन काठ्या असतात. कुणी नवा माणूस काठी घेऊन आला, की भिवा दादाची काठी काढून छातीशी धरतो. मग उकिडवा बसतो, बोट घालून खळगी साफ करतो, आणि येणाऱ्याची काठी आपल्या हाताने घट्ट बसवून देतो.

तात्पर्य: आपल्या माणसाला जाब विचारणं म्हणजे त्याच्यावर उलटणं नव्हे, आणि आपल्यासमोर उभं राहणाऱ्याला जो आपल्या हाताने जागा करून देतो, त्याची जागा कधीच रिकामी होत नाही.