अडलेला स्क्रू आणि रुसलेले व्याही

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. फटफटीचा आवाज आला की अख्खं गाव हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचं, त्या काळातली. घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात रंभाजी नावाचा मिस्त्री राहत होता. विहिरीवरचं इंजिन असो की पिठाची गिरणी, त्याचा हात लागला की ती सुरू झालीच म्हणून समजा. हाताला गुण होता, पण डोकं म्हणाल तर कायम चुलीवरचा तवा.

त्याची एकुलती एक लेक सगुणा घाटापलीकडे दिली होती. लग्नात नेमका घोटाळा झाला. फेटे बांधताना व्याह्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर फेटा चढला. झालं, मान चुकला आणि व्याही रुसले.

सगुणेला भाऊ नव्हता, म्हणून गेल्या नागपंचमीला रंभाजी स्वतःच मुराळी होऊन तिला माहेरी आणायला गेला. व्याही म्हणाले, "सध्या घरात कामं आहेत." रंभाजी भडकला. "चूक फेटेवाल्याची, आणि शिक्षा माझ्या लेकीला?" शब्दाला शब्द वाढला आणि तो हात हलवत परत आला. दारात उभी राहिलेली सगुणा काही त्याच्या डोळ्यांपुढून जाईना.

यंदाचा श्रावण आला. गोठ्यात रंभाजीची जुनी फटफटी गोणपाटाखाली पडून होती. लहानपणी सगुणा तिच्या टाकीवर बसून गावभर मिरवायची. रंभाजीने ठरवलं, इंजिन खोलून नव्यानं बांधायचं आणि लेकीला फटफटीवरूनच आणायचं.

"बघतोच, कशी पाठवत नाहीत ते," तो बायकोला म्हणाला. मथुराबाई पुन्हा दळण निवडायला लागली.

इंजिन उतरलं. झाकणाचे सगळे स्क्रू निघाले, पण एक काही केल्या निघेना. गंजून तिथेच घर करून बसला होता पठ्ठ्या. रंभाजीने अंगातलं सगळं बळ लावलं, मग रागाच्या भरात स्क्रू ड्रायव्हरवर हातोडा हाणला. स्क्रू तसूभरही हलला नाही, उलट डोक्यावरची खाचच निम्मी झिजली. अजून एकदा घसरला असता तर पकडायलाच काही उरलं नसतं. मग झाकण फोडा आणि पंचमी विसरा. बिचारा कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात मथुराबाई प्रवासाचा फिरकीचा तांब्या घेऊन ओट्यावर आली. त्याचंही झाकण अडलं होतं. तिने तांब्याच्या गळ्याला गरम पाण्यातला फडका गुंडाळला, जरा थांबली, मग झाकण आधी बसवायच्या बाजूला किंचित फिरवलं आणि नंतर उलटं. झाकण अलगद निघालं.

"अगं, उघडायचंय ना? मग घट्ट कशाला करतेस?"

"अहो, अडून बसलेलं असतं त्याला आधी त्याच्या बाजूला जरा जाऊ द्यायचं. तेवढ्यानं सुटतं ते. मग येतं आपल्या बाजूला."

"मिस्त्री मी आहे की तू?" रंभाजी कुरकुरला. पण ऐकलं हो त्याने. स्क्रूच्या कडेने रॉकेलचे थेंब सोडले, दुपारभर मुरू दिले. भोवती उकळत्या पाण्याचा फडका धरला. मग स्क्रू आवळायच्या बाजूला केसभर दाबला आणि हळूच उलटा फिरवला. कर्रर्र करत तो निघाला. रंभाजीला इतका आनंद झाला की त्याने तो झिजलेला स्क्रू पुसून खिशात टाकला आणि बाजारातून नवा आणायला गेला. येताना पिशवीत आणखीही काही होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी फटफटी घाटापलीकडे पोचली. व्याही ओट्यावर हाताची घडी घालून बसले होते.

"सध्या घरात कामं आहेत," ते म्हणाले.

रंभाजीच्या जिभेवर जुनंच उत्तर आलं होतं. त्याने खिशातला स्क्रू चाचपला आणि ते गिळलं.

"व्याहीबुवा, पहिला फेटा तुमचा होता."

"माझाच होता," व्याही आणखी ताठ झाले. "चार माणसांत शोभा झाली माझी."

"झाली खरी. मांडव माझा, म्हणजे चूकही माझीच." रंभाजीने पिशवीतून नवाकोरा फेटा काढला. "आता बांधू द्याल का?"

व्याह्यांनी हाताची घडी सोडली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. फेटा बांधून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि आत हाक मारली, "सूनबाई, बोचकं बांध. वडील न्यायला आलेत."

सगुणा लगेच बाहेर आली. बोचकं तिने फटफटीचा आवाज ऐकूनच बांधून ठेवलं होतं. डोळे मात्र भरून आले होते तिचे, आणि रंभाजीचेही.

"घाटात सांभाळून चालवा हो," फेटा सावरत व्याही म्हणाले.

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा: अडून बसलेल्याला जोर लावून सोडवता येत नाही, आधी आपण जरा त्याच्या बाजूला जावं, मग तो आपल्या बाजूला येतो.