पहिली फीत

उद्घाटनाच्या आदल्या रात्री मृण्मयीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अर्ध्यात शाळा सुटलेल्या मुलींना शिवणकाम शिकवायला निघालेल्या या बाईला स्वतःची चार वर्षांची रेवा आवरत नव्हती, आणि सांभाळायला कोणी नाही म्हणून तिला कार्यक्रमाला न्यावंच लागणार होतं. पाहुणे होते हुंडेकरीशेठ, सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्याचे मालक. त्यांनी मुलींना कामावर घेतलं तरच वर्गाला अर्थ होता. पोरगी काहीतरी बोलून बसली तर संपलंच.

शेठ आले, शाल पांघरून घेतली आणि दारातच भाषणाला लागले. "शिकवा हो, पण माझ्याकडे पाठवू नका. अनुभव नसलेल्याच्या हातात मी कात्री देत नाही. तत्त्व आहे आपलं."

मृण्मयीने मान डोलावली. घाबरली की ती डोलवायचीच.

फितीजवळ वर्गातली अंबिका कात्रीचं तबक घेऊन उभी होती. शेठनी हात पुढे केला, तसं तिने तबक मागे घेतलं.

"शेठ, याआधी कधी फीत कापलीय का?"

"नाही. आपला हा पहिलाच मान. फोटो नीट काढा रे."

"मग कात्री कशी देऊ? तत्त्व तुमचंच आहे."

आधी शेठचा ड्रायव्हर हसला, मग सगळा मांडव. शेठनी शाल सावरली. "दे बाई. सोमवारपासून कामावर या सगळ्याजणी."

मृण्मयीने श्वास सोडला. शेठनी कात्री चालवली, फीत पात्यांत दुमडली. पुन्हा चालवली, पुन्हा दुमडली. तेवढ्यात रेवा खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, या काकांना पण आपल्या वर्गात घे ना."