दहा लक्ष नऊ

"बाकी किती?" भवानगिरींनी दुसऱ्यांदा विचारलं आणि कान पुढे केला.

"बाकी नाही, महाराज."

"पुन्हा भाग."

"तीनदा भागलं. उलटा गुणाकारही केला."

मठाच्या ठेंगण्या दारावर दगडात एक संख्या कोरली होती: १०००००९. ती कशानेही भंगत नाही, कुठल्याही संख्येने भागली तरी बाकी उरतेच, असं आदिगुरू सांगून गेले होते. येणारा-जाणारा तिच्याखालून वाकूनच जाई. दीक्षेच्या दिवशी गुरू एक भाजक देत. शिष्याने धूळपाटीवर भागाकार करायचा, उरलेली बाकी गुरूच्या कानात सांगायची आणि पाटी पुसायची. मग कपाळाला अंगारा लागे, शिकवायची मुभा मिळे. त्या अंगाऱ्यावाचून द्वारकेच्या गावात कुणी तिच्यापुढे पोर बसवलं नसतं.

तिला मिळालेला भाजक होता दोनशे त्र्याण्णव.

"हळू बोल," भवानगिरी म्हणाले. "कानात सांगायची रीत आहे."

"बाकी असती तर कानात सांगितली असती." द्वारकेने पाटी त्यांच्यापुढे सरकवली. "तीन हजार चारशे तेरा वेळा भाग जातो. पुरता जातो. तुमची अभंग संख्या भंगलीय."

भवानगिरींनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा भाजक आधी कुणाला दिला होतात?"

"सगळ्यांना."

"...काय सांगितलं त्यांनी?"

"एकाने सतरा. एकाने एकशे चार. खालच्या वाडीत पाठशाळा चालवतो तो गोविंदगिरी... त्याने दोन."

"आणि तुम्ही?"

"अंगारा लावला."

"वा! म्हणजे खोटं बोलतील ते मास्तर, आणि पोरांनी त्यांच्याकडून गणित शिकायचं! तुम्हाला ठाऊक होतं. तरी रोज त्या दगडाखालून वाकत आलात. आज सकाळी मलाही वाकवलंत."

भवानगिरींनी अंगाऱ्याचं ताट जवळ ओढलं.

"तुमच्या गुरूंनी तुम्हाला कुठला भाजक दिला होता?"

भवानगिरींची नजर दाराकडे गेली.

"विचारतेय मी, महाराज."

म्हाताऱ्याने डोळे मिटले, उघडले. बाहेर कुणीतरी खाकरलं; दीक्षेला जमलेली मंडळी खोळंबली होती.

"मोठी माणसं," द्वारका पुटपुटली. "लावताय का अंगारा? का मी सतरा म्हणू?"

भवानगिरींनी अंगाऱ्याचं ताट उचललं आणि शांतपणे जमिनीवर उपडं केलं.

द्वारका उठली. "ठीक. जाते मी. गावात काय सांगायचं ते माझं मी बघेन."

ती दाराशी पोचली तेव्हा मागून पावलं वाजली. भवानगिरींच्या हातात वरवंटा होता, अंगाऱ्याची राख वाटायचा. त्यांनी तो तिच्या हातात ठेवला. चांगलाच जड होता.

"हे काय?" ती तडकून म्हणाली.

भवानगिरींनी दारावरच्या कोरलेल्या दगडाकडे बोट केलं. "दार ठेंगणं आहे, पोरी. वाकू नकोस."